रंग ओला, किडा आला!

"तू सिव्हिलची ना? मग सांग आता, या भिंतीचं काय करायचं?"

मागच्या दिवाळीच्या आठ दिवस आधी, सकाळी सात वाजता, केदारखेड्याला मामांच्या घरी मला हा प्रश्न विचारला गेला. व्हायव्हामध्ये एक्सटर्नलनी विचारला असता तर "सर, हे सिलॅबसमध्ये नाही" म्हणून सुटले असते. पण इथे एक्सटर्नल म्हणजे खुद्द मामा, आणि बाजूला मामी, पेंटर आणि चहाला आलेले दोन शेजारी. सगळे माझ्याकडे बघतायत. आणि भिंत? भिंतीकडे बघवत नव्हतं.

झालं असं होतं की पुढच्या खोलीला पिवळा ऑइलपेंट द्यायचं ठरलं. पेंटरला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी जायचं होतं, म्हणून त्याने दुपारी तीनला दुसरा हात सुरू केला आणि संध्याकाळी सातला संपवला. शेवटचा एक तास तर बल्ब लावून काम चाललं होतं. वास जावा म्हणून दार-खिडक्या सताड उघड्या. घराच्या मागे कपाशी, बाजूला मका. सकाळी उठून बघतो तर भिंतीवर हिरवे तुडतुडे, बारीक काळे किडे, राखाडी पतंग, एक-दोन भुंगेरे. सगळे पक्के चिकटलेले! काही अजून पाय हलवत होते. प्लेन पिवळी भिंत एका रात्रीत प्रिंटेड झाली.

पेंटर म्हणाला, "रंगात खोट नाही. बल्ब तुम्ही लावला."

मामा म्हणाले, "बल्ब नसता लावला तर तू काय अंधारात रंग देणार होतास का?"

इथपर्यंत गंमत होती. पण मग मामा मागच्या खोलीत गेले आणि कपाशीवर मारायच्या औषधाची उरलेली बाटली घेऊन आले. "उद्या पुन्हा एक हात मार. रंगात हे दोन झाकणं टाक. बघू कोणता किडा येतो!" पेंटर तयार झाला. मामी मात्र दारातच उभी राहिली. मामेबहिणीचा दीड वर्षांचा मुलगा दिवाळीला येणार होता. तो भिंत धरून धरून चालतो, आणि हाताला लागेल ते चाटतो. "त्या लेकराचं काय?" एवढंच ती म्हणाली.

मी तेव्हा फक्त "मामा, आज थांबा ना" एवढंच म्हणू शकले. नंतर दोन दिवस मोबाइलवर आणि फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीच्या जुन्या नोट्समध्ये डोकं घातलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. दिवाळीच्या तोंडावर निम्म्या महाराष्ट्रात रंगकाम निघतं, त्यामुळे कुणाच्या तरी घरी उपयोग होईलच.

आपणच लावलेला सापळा

शेतीच्या घरातल्या मित्रांना तीन प्रकारचे सापळे माहीत असतील. पहिला प्रकाश सापळा. म्हणजे रात्री दिवा आणि त्याच्याखाली साबणाच्या किंवा थोडं रॉकेल टाकलेल्या पाण्याचं घमेलं. दुसरा पिवळा चिकट सापळा. म्हणजे पिवळा पत्रा किंवा कार्ड, त्यावर ग्रीस, एरंडेल तेल किंवा चिकट थर. मावा आणि पांढरी माशी त्यावर येऊन बसते. तिसरा कामगंध सापळा, ज्यात बोंडअळीच्या मादी पतंगासारखा वास ठेवून नर पकडतात.

आता मामांच्या भिंतीकडे बघा. रंग पिवळा, पृष्ठभाग चिकट, वर दिवा, शेजारी कपाशी. म्हणजे तीनपैकी दोन सापळे आपण एकत्र करून घरात उभे केले, तेही दहा बाय बारा फुटांचे! शेतकरी मुद्दाम करतो ते आपल्याकडून नकळत झालं. मला वाटतं सगळ्या उत्तराची किल्ली इथेच आहे. किडे मारायची गरजच नाही. सापळ्याला जे जे लागतं ते एकेक काढून घ्यायचं.

किडा दिव्याकडे का येतो?

आपण लहानपणापासून ऐकतो की पतंगाचं दिव्यावर प्रेम असतं. शायर लोकांचं ठीक आहे, पण पतंगाला विचारलं तर तो नाही म्हणेल. बरीच वर्षं असं सांगितलं जायचं की किडे चंद्र बघून दिशा ठरवतात आणि दिव्याला चंद्र समजून फसतात. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक वेगळं उत्तर आलं. लंडनचं इम्पीरियल कॉलेज आणि अमेरिकेतलं फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी इथल्या संशोधकांनी हायस्पीड कॅमेऱ्याने दिव्याभोवतीच्या किड्यांचं शूटिंग केलं. त्यांना दिसलं की किडे सरळ दिव्याकडे झेपावतच नाहीत. ते दिव्याकडे पाठ करतात!

याचं कारण सोपं आहे. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं. त्यामुळे उडताना 'जिकडे उजेड तिकडे पाठ' एवढा एक नियम पाळला की किडा सरळ राहतो, उलटा होत नाही. कोट्यवधी वर्षं हा नियम बरोबर चालला. मग माणसाने बल्ब लावला. आता किडा बल्बकडे पाठ करतो, त्यामुळे वळतो, पुन्हा पाठ करतो, पुन्हा वळतो आणि गोल गोल फिरत अडकतो. दिव्याच्या वरून गेला तर उलटा होऊन खालीच पडतो. बल्ब भिंतीजवळ असेल तर फिरता फिरता भिंतीवर आपटणारच. एरवी आपटून तो उडून जातो. भिंत ओली असेल तर जाणार कुठे?

आणखी एक गोष्ट. पतंगांचा अभ्यास करणारे लोक रात्री पांढरी चादर ताणून तिच्यासमोर दिवा लावतात. उजळलेल्या चादरीवर किडे येऊन बसतात, मग निवांत फोटो काढायचे. नुकती रंगवलेली चकचकीत भिंत म्हणजे अशीच चादर, फक्त गोंद लावलेली.

दिवा कोणता, यानेही फरक पडतो. बहुतेक किड्यांना अतिनील, निळा आणि हिरवा प्रकाश चांगला दिसतो, लाल फारसा दिसत नाही. साध्या एलईडीमध्ये अतिनील जवळजवळ नसतोच, पण 'कूल डेलाइट' म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा भाग भरपूर असतो. पिवळसर 'वॉर्म' बल्बमध्ये तो कमी असतो, म्हणून त्याच्यावर किडेही कमी येतात. कमी येतात म्हणाले, येत नाहीत असं नाही.

पिवळ्याचं गौडबंगाल

इथे माझाच गोंधळ झाला. पिवळ्या बल्बवर किडे कमी, मग पिवळ्या सापळ्यावर जास्त कसे?

उत्तर असं की दोन्ही ठिकाणचे किडेही वेगळे आणि वेळही वेगळी. रात्री दिव्याभोवती फिरणाऱ्यांना निळा आणि अतिनील प्रकाश जास्त खेचतो. दिवसा पान शोधत हिंडणाऱ्या मावा आणि पांढऱ्या माशीचं तसं नाही. कोवळं पान हिरवा-पिवळा प्रकाश परत फेकतं आणि निळा शोषून घेतं. पिवळा रंग नेमकं हेच करतो, पण पानापेक्षा कितीतरी जोरात. म्हणजे त्या माशीच्या दृष्टीने पिवळी भिंत हे एक प्रचंड मोठं, कोवळं, रसरशीत पान! आमचं काम दुपारी तीन ते संध्याकाळी सात चाललं, त्यामुळे दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्हीकडची मंडळी आली.

याचा अर्थ पिवळा रंग द्यायचाच नाही असा नाही. एकदा वाळला की तो पिवळा राहतो, पण सापळा राहत नाही. खरा प्रश्न भिंत किती वेळ चिकट राहते हा आहे.

रंग वाळतो म्हणजे काय होतं?

चुना, डिस्टेंपर, इमल्शन आणि ऑइलपेंट हे सगळे 'वाळतात' असं आपण म्हणतो, पण प्रत्येकाचं वाळणं वेगळं.

चुन्यातलं पाणी उडतं आणि चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो. यात चिकट अशी अवस्थाच येत नाही. आपल्या आजी-पणजीच्या काळी रंग दिल्यावर भिंतीला किडे चिकटल्याची तक्रार ऐकू आली नसेल ती यामुळेच. इमल्शनमध्ये पाणी उडालं की प्लास्टिकचे बारीक कण जवळ येऊन एकजीव होतात. वरचा थर साधारण अर्ध्या-एक तासात हाताला लागेनासा होतो.

ऑइलपेंटचं मात्र दोन टप्प्यांत चालतं. आधी टर्पेंटाइन उडून जातं. मग उरलेलं तेलयुक्त रेझिन हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. या गुंफण्याला वेळ लागतो. चार ते सहा तास हाताला चिकट लागतं, पूर्ण कडक व्हायला रात्र जाते. थंडी किंवा दमटपणा असेल तर आणखी वेळ. आता हिशोब करा. संध्याकाळी सातला संपलेली भिंत रात्री अकरा ते एकपर्यंत चिकट. आणि अंधार पडल्यावरचे पहिले काही तास ही किड्यांची सगळ्यात गर्दीची वेळ. दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो. आम्ही अगदी मुहूर्त साधला होता!

यात आणखी तीन चुका होतात. पहिली, टर्पेंटाइन महाग म्हणून रॉकेल मिसळणं. रॉकेल सावकाश उडतं, भिंत जास्त वेळ ओली राहते. दुसरी, किडे येऊ नयेत म्हणून रंगात कडुनिंबाचं तेल घालणं. हा सल्ला मला तीन जणांनी दिला. फर्स्ट इयरला 'आयोडीन व्हॅल्यू' शिकलो होतो, आठवतं? ती जास्त असेल तर तेल हवेत वाळून घट्ट होतं. जवसाच्या तेलाची ती १७० च्या वर असते, म्हणून ते रंगात चालतं. कडुनिंबाच्या तेलाची त्याच्या निम्म्याहूनही कमी. हे तेल वाळतच नाही. म्हणजे किडे घालवायला तेल टाकलं आणि भिंत उलट जास्त वेळ चिकट ठेवली.

तिसरी चूक सिव्हिलवाल्यांनी तरी करू नये. सिमेंटचं नवं प्लास्टर खूप अल्कधर्मी असतं, पीएच १२ च्या वर. ते ओलं असतानाच ऑइलपेंट दिला तर तेल आणि अल्कली यांचा साबण होतो आणि रंग मऊ, चिकट पडतो. असा रंग दुसऱ्या दिवशी सोडा, महिनाभरानेही हाताला लागतो. म्हणून प्लास्टर पूर्ण वाळू द्यायचं आणि अल्कली सोसणारा प्रायमर आधी द्यायचा.

औषध रंगात घातलं तर?

आता मामांच्या बाटलीकडे येऊ. गावात कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. मला वाटतं गैरसमजाला सुरुवात त्या शब्दापासूनच होते.

पहिला मुद्दा इतका साधा की मला दोन दिवस सुचला नाही. मेलेला किडासुद्धा भिंतीलाच चिकटणार! ओल्या रंगावर किडा बसला की अडकला. त्यानंतर तो औषधाने मेला काय आणि उपाशी मेला काय, सकाळी भिंतीवर दिसणार तो दिसणारच. म्हणजे ज्या कामासाठी औषध घालायचं ते काम होतच नाही.

दुसरा मुद्दा असा की भिंतीवर कीटकनाशक मारतात हे खरं आहे. हिवतापाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९५३ पासून घराघरात डीडीटी फवारलं गेलं. पण ते वाळलेल्या भिंतीच्या वर राहतं आणि भिंतीवर टेकलेल्या डासाच्या पायाला लागतं. म्हणून तर फवारणीनंतर काही महिने भिंत सारवू नका, रंगवू नका असं सांगतात. रंगात कालवलेलं औषध रंगाच्या थरात कोंडलं जातं. शिवाय चुना आणि सिमेंटसारख्या अल्कधर्मी भिंतीवर बरीच कीटकनाशकं लवकर विघटित होतात. बाजारात डास मारणारे रंग मिळतात, पण ते कारखान्यात मोजून-मापून, तपासून केलेले असतात. दोन झाकणांचा हिशोब तिथे चालत नाही.

तिसरा मुद्दा मामीचा, आणि तोच सगळ्यात मोठा. किडा एक रात्र येतो, माणसं त्या खोलीत वर्षानुवर्षं राहतात. रंग देताना पेंटर ती वाफ ओढणार. काही वर्षांनी जुना रंग पॉलिश पेपरने घासताना तीच धूळ पुन्हा कुणाच्या तरी नाकात जाणार. मध्ये लहान मूल भिंतीला हात लावून तोंडात घालणार. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते तर उघड्या रानात काम करत होते. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे शेतातलं कीटकनाशक सापडलं होतं. शेतातली बाटली घरात आली की काय होऊ शकतं याची ही उदाहरणं आहेत. कायद्यानेही लेबलवर लिहिलेल्या पिकासाठी, लिहिलेल्या प्रमाणातच ते वापरायचं असतं. कुठल्याच लेबलवर 'पुढची खोली' असं पीक लिहिलेलं नसतं!

हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेला तरी चिकटणारच, हे मात्र खरंय." बाटली उचलून त्यांनी शेतातल्या खोलीत नेली आणि कुलूप लावलं.

अजिंठ्याची भिंत

भिंतीवरचे किडे ही काही नवी कटकट नाही. आमच्या भोकरदन तालुक्यापासून अजिंठा फार लांब नाही. शाळेच्या ट्रिपला आपण सगळेच गेलो असू. तिथली चित्रं सरळ दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा, त्यात साळीचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि मग चित्र. गिलाव्यातला हा कोंडा किड्यांना खाऊ झाला. आतून पोखरलं की वरचं चित्र आपोआप सुटतं.

२०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी एक निबंध लिहिला. वेरूळच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. त्यांचं म्हणणं असं की त्यामुळे वेरूळच्या गिलाव्याला कीड लागली नाही, आणि अजिंठ्यात ही युक्ती नव्हती म्हणून तिथली निदान २५ टक्के चित्रं किड्यांमुळे खराब झाली. (मित्रांनो, रेक्टर सरांना हा संदर्भ देऊन होस्टेलच्या भिंतीसाठी भांग मागू नका!)

यातून मला एक समजलं. भिंत कशाची, कधी आणि कशी करायची हे आधीच नीट ठरवलं तर किड्यांशी नंतर लढावं लागत नाही.

मग आम्ही काय केलं?

चिकटलेले किडे त्या दिवशी काढले नाहीत. ओल्या रंगातून किडा उचलला की पाय तिथेच राहतो आणि रंगाला ओरखडा पडतो. तिसऱ्या दिवशी रंग कडक झाल्यावर कोरड्या ब्रशने झटकले, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने मारला आणि ओल्या फडक्याने पुसून वाळू दिलं. पेंटरला विनंती करून सकाळी बोलावलं. साडेसातला सुरुवात, अकराला काम फत्ते. संध्याकाळी पाचला मी कोपऱ्यात बोट लावून बघितलं, चिकटलं नाही. त्या रात्री खोलीत दिवाच लावला नाही. सगळ्यांनी अंगणात बसून जेवण केलं. कपाशीच्या बाजूला, घरापासून लांब, एक बल्ब आणि खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. सकाळी घमेल्यात मोजता येणार नाहीत इतके, आणि भिंतीवर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शून्य म्हणणार नाही, कारण शून्य नव्हते.

ज्यांना वरचं सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी (म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्यांसाठी) थोडक्यात :

१) ऑइलपेंट सकाळी लवकर सुरू करून दुपारच्या आत संपवा. इमल्शन असेल तर दुपारी तीनपर्यंत चालेल.

२) रात्री त्या खोलीत दिवा लावू नका. लावावाच लागला तर पिवळसर आणि भिंतीपासून लांब.

३) खिडकीला मच्छरदाणीची जाळी किंवा जुनी पातळ साडी ताणून बांधा. खिडकी बंद करू नका. हवा नसेल तर रंग वाळणार नाही आणि वासाने डोकं दुखेल ते वेगळं.

४) पंखा लावण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर किड्यांऐवजी धूळ चिकटेल.

५) भेगा लांबी भरून बुजवा आणि ओल आधी थांबवा. ओलसर भिंतीवर बुरशी आणि मागोमाग किडे येतात.

६) रॉकेल, कडुनिंबाचं तेल आणि शेतातलं औषध, तिन्ही रंगाच्या डब्यापासून लांब ठेवा.

दिवाळीला मामेबहिणीचा मुलगा आला. आल्या आल्या त्याने नव्या पिवळ्या भिंतीला दोन्ही हात लावले आणि मग हात तोंडात घातले. मामा माझ्याकडे बघत होते. मी काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत. फक्त उठून त्याला कडेवर घेतलं.